लेर पॉच्या आईचा भात

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही, हवी तर पैज लावा. मी एक जुना फळा आहे. अंगावरचा काळा रंग पोपडे धरून गेला आहे, एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे, आणि मधल्या भेगेतून पलीकडे चरणारी कोंबडी दिसते. पण याच अंगाने मी भर पुरातली नदी ओलांडली, बंदूकवाल्यांना मांडी घालून बसवले आणि एका लाकडी पायाला इंग्रजी शिकवले. हसा, खुशाल हसा. मला सवय आहे.

जन्माने मी फळा नव्हे. मी सागाचे झाड. नदीपलीकडच्या डोंगरात माझा जन्म झाला. मला तोडले तेव्हा ओढून न्यायला हत्ती आणला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि डोळ्यांतून घळघळा पाणी काढून तो खालीच बसला. माहूत ओरडला, अंकुश टोचला, केळी दाखवली, पण हत्ती हलेना. शेवटी मीच त्याची समजूत घातली.

“झाड हत्तीची समजूत घालतं होय?” तुमच्यातला तो पुढे बसलेला, दात पडलेला मुलगा विचारतो आहे.

घालते. आणि हत्ती ऐकूनही घेतो. तुझ्यासारखा मधेच तोंड घालत नाही.

तर मी कापला गेलो आणि फळी होऊन एका घरात आलो. घर खांबांवर उभे, खाली डुकरे, वर माणसे. चढायला बांबूची शिडी आणि शिडी संपते तिथे ओसरी. त्या ओसरीची पहिली फळी मी. घरात कोण येते, कोण जाते, ते आधी माझ्या पाठीला कळायचे.

घरधनीण होती लेर पॉची आई. तिचे स्वतःचे नाव काहीतरी असणारच, पण आमच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या डोंगरातल्या कारेन लोकांत पहिले मूल झाले की बाईचे नाव विरून जाते. गावाने तिला लेर पॉची आई म्हणायला सुरुवात केली आणि तीही तेच म्हणू लागली. नवराही लेर पॉचा बाप झाला. आणि शिडी चढून कुणी वर आला की ओळखीचा असो नसो, तिचा पहिला प्रश्न ठरलेला, “जेवलास का?” उत्तराची वाट न बघता ती भाताच्या पातेल्याकडे वळलेली असायची. न जेवलेला माणूस ओसरीवरून उतरून गेला तर घराला जी लाज येते ती धुऊन निघत नाही, असे आमच्याकडे मानतात. पातेल्यात मूठभरच भात असला तर तो पाहुण्याचा, आणि घरातल्यांनी म्हणायचे, आमचे मघाशीच झाले.

त्या काळी डोंगरात लढाई चालू होती. लढाई कधी सुरू झाली ते मला ठाऊक नाही, मी रोप होतो तेव्हाही ती चालूच होती. रानात लपणारी आमची पोरे शिडी चढून यायची. ती गेली की त्यांना शोधणारे सरकारी शिपाई यायचे. लेर पॉच्या आईचा एकच कायदा होता. बंदूक शिडीखाली ठेवायची, माणसाने वर यायचे. मग तो कुठल्या का बाजूचा असेना, माझ्या पाठीवर मांडी घालून बसायचा, आणि ती भात, खारवलेल्या माशाचे तिखट आणि उकडलेला भोपळा वाढायची.

“आई, तू त्यांनाही जेवू घालतेस?” लेर पॉने एकदा विचारले. ती तेव्हा एवढीशी होती.

“पोट कुठल्या पलटणीत असतं गं?” आई म्हणाली. “जा, मिरच्या आण.”

एकदा पावसाळ्यात सरकारी शिपाई आले, पोटभर जेवले, एकाने तर भोपळा मागून घेतला. जेवण झाल्यावर ते लेर पॉच्या बापाला म्हणाले, चल, आमचं ओझं उचल. तो गेला. परत आला नाही. ओझी वाहायला नेलेली माणसे बहुधा परत येत नसत. त्यानंतरही जो शिडी चढला त्याला तिने वाढले. का, ते तिला कुणी विचारले नाही आणि मलाही विचारू नका. पाठीवर बसलेल्या माणसाचे वजन मला कळते, मनातले कळत नाही.

मग गाव जाळले. आमचे घर पेटले तेव्हा तिने भाताचे पातेले उचलले, पोरीला उचलले आणि मला ओसरीतून उखडून काढले. नदीला पूर होता. पोर आणि पातेले माझ्यावर, आणि ती मागून मला धरून पोहत. लोक म्हणतात, मी तरंगलो. तरंगणे कुणालाही जमते. मी वल्ही मारली! मधल्या भोवऱ्यात एक सुसर आडवी आली, तिला मी असा कोपरा मारला की तिचा जबडा अजून वाकडा आहे.

“नदीत सुसर नाहीच मुळी,” दात पडलेला म्हणतो आहे.

आता नाही. तोंड वाकडे झाल्यावर लाजून गेली.

नदीच्या अलीकडे थायलंडच्या हद्दीत कुंपणाच्या आत आमची छावणी. पानांनी शाकारलेल्या झोपड्या एकीला एक चिकटून डोंगरावर चढत गेलेल्या. फाटकावर पहारा. रेशनचा तांदूळ, पिवळी डाळ, तेल, मीठ मिळते. शेत नाही, जंगल नाही, बाहेर जायला परवानगी नाही. पुन्हा मी एका झोपडीची जमीन झालो. वर्षे गेली. लेर पॉ माझ्या पाठीवर रांगायच्या वयाची नव्हती, पण लग्नाची मात्र माझ्याच पाठीवर झाली. जावयाच्या घरच्यांना बर्फाच्या देशात जायचा परवाना मिळाला आणि लेर पॉ नवऱ्याबरोबर गेली. आईचे घर वेगळे धरले, म्हणून तिचा क्रमांक वेगळा. तुझाही येईल, असे कचेरीतल्यांनी तिला सांगितले.

निघताना लेर पॉ फाटकाशी आईच्या गळ्यात पडून रडली. आई म्हणाली, “जेवलीस का?” तेवढेच म्हणाली.

तिकडे लेर पॉला मुलगा झाला. तो बोलू लागला तेव्हा लेर पॉने फोन केला. छावणीतल्या दुकानावर सगळ्यांचा एकच फोन, त्याच्याभोवती गर्दी. लेर पॉच्या आईने फोन दोन्ही हातांनी धरला आणि ओरडून विचारले, “बाळा, जेवलास का?”

पलीकडून नातू काहीतरी किणकिणला. तिने पुन्हा विचारले. तो पुन्हा काहीतरी बोलला. मग लेर पॉचा आवाज आला, “आई, त्याला आपली भाषा कळत नाही गं. पाळणाघरात सगळी इंग्रजीच बोलतात. मी आणि हे दोघंही दिवसभर मासे कापायच्या कारखान्यात.”

ती घरी आली आणि माझ्यावर बसून राहिली. त्या दिवशी चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी ती थ्रा क्लो टूकडे गेली. थ्रा म्हणजे आमच्यात मास्तर. हा थ्रा लहान मुलांना शिकवायचा.

“थ्रा, म्हाताऱ्यांना इंग्रजी शिकवतोस का?”

“शिकवीन की मावशी. पण फळा नाही. आहे तो पोरांच्या शाळेचा, तो मिळायचा नाही.”

“फळा मी देते,” ती म्हणाली, आणि घरी येऊन तिने मला जमिनीतून उपटले. तिच्या झोपडीत मी होतो तिथे एक लांब भोक पडले. पुढे कितीतरी दिवस ती त्यावरून उडी मारून चुलीकडे जायची.

मला काळे कसे केले ते ऐका. विजेरीच्या मेलेल्या बॅटऱ्या फोडून त्यातली काळी भुकटी काढली, चुलीतला कोळसा कुटून त्यात घातला, आणि भाताची पेज घालून ते माझ्या अंगाला फासले. वाळवले, पुन्हा फासले. सागाचा रंग गेला आणि मी फळीचा फळा झालो. त्या बॅटऱ्यांत थोडी वीज शिल्लक होती, म्हणून पहिले काही दिवस अक्षरे माझ्यावर लिहिली की लुकलुकायची. नाही पटत? सोडून द्या.

वर्ग दुपारी भरायचा, रेशनची रांग संपल्यावर. पुढे बसायचे सॉ न्येनकाका. त्यांचा एक पाय सुरुंगाने नेलेला, त्याच्या जागी त्यांनी स्वतः लाकडाचा तासून बसवलेला. बसताना ते तो काढून माझ्या खुंटीला अडकवायचे. दिवसचे दिवस तो पाय माझ्याशेजारी लटकून धडे ऐकत होता, त्यामुळे काकांच्या आधी त्याला एबीसीडी आली.

“न्येनकाका, हे काय अक्षर?” थ्रा विचारायचा.

“मला काय विचारतोस? पायाला विचार, तो रोज जवळून बघतो.”

पहिल्या दिवशी थ्राने प्रत्येकाचे नाव लिहायचे ठरवले. लेर पॉच्या आईवर पाळी आली.

“मावशी, नाव?”

“लेर पॉची आई.”

“ते लेर पॉचं झालं. तुझं?”

ती वरच्या पानांकडे बघत राहिली. बायका खुसखुसू लागल्या. न्येनकाका म्हणाले, “वहिनी, हरवलं असेल तर नव्याने ठेवू. माझ्या म्हशीचं नाव फार चांगलं होतं.”

“थांबा ना जरा,” ती म्हणाली. “होतं. माझी आई हाक मारायची.” आणि मग हळूच, जणू कुणा दुसऱ्याचे सांगते आहे असे, ती म्हणाली, “नॉ थाब्ले.”

थ्राने ते माझ्यावर लिहिले. ती उठली, जवळ आली, आणि तिने अक्षरांवरून बोट फिरवले. खडू पुसला गेला आणि बोटाला लागला. तो हात तिने त्या दिवशी धुतला नाही, जेवतानासुद्धा डाव्या हाताने जेवली. ही गोष्ट मी बनवलेली नाही.

थ्रा शहाणा होता. पुस्तकातले धडे त्याने बाजूला ठेवले आणि या लोकांच्या तोंडात जे असते तेच शिकवायला घेतले. ‘आय ईट राइस.’ ‘कम. सिट. ईट राइस.’ ‘आय गिव्ह राइस.’ लेर पॉची आई ही वाक्ये लाकूड फोडताना म्हणायची, नळावर म्हणायची. दुकानावरच्या फोनवर नातवाला ‘ईट राइस?’ म्हणाली, आणि पलीकडून पहिल्यांदा खुदकन हसू आले. तो म्हणाला, ‘नो. नूडल्स.’ ती ते वर्षभर सगळ्यांना सांगत होती.

मग तिचा क्रमांक लागला.

बर्फाच्या देशाची माणसे मुलाखती घ्यायला आली, पण त्यांच्या कचेरीचे छप्पर वादळाने नेले होते. म्हणून टेबल आमच्याच वर्गात मांडले. मी साहेबाच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभा होतो. मी पाहिलेले सांगतो आहे.

आदल्या दिवशी वर्गात सगळ्यांनी तिला घेरले होते.

“वहिनी, कमी बोलायचं,” न्येनकाका म्हणाले. “तिथं जो फार बोलतो त्याचं विमान चुकतं.”

“मी काय चोरी केलीय? लपवायचं काय?”

“लपव म्हणत नाही. पण सगळं वाढूही नकोस. ते काय तुझे पाहुणे आहेत?”

थ्रा मात्र फुलून गेला होता. तो म्हणाला, “मावशी, जमेल तिथे स्वतःच बोल. त्यांनाही कळू दे आपण काय शिकलो.”

साहेब घामाने भिजलेला होता, पण वाईट नव्हता. त्याने तिला बसायला सांगितले, पाणी दिले. शेजारी आमच्यातलाच एक तरणा दुभाषा होता. नाव विचारले. ती ताठ बसून म्हणाली, “माय नेम इज नॉ थाब्ले.” साहेबाने मान वर करून पाहिले आणि हसला. माझ्या अंगावर काटा आला. लाकडाला काटा येतो, मित्रांनो.

गाव, नवरा, घर जळाले ते सगळे विचारून झाले. मग साहेबाने विचारले, “तुमच्या घरी हत्यारबंद माणसं येत होती का?”

दुभाष्याने सांगितले. ती म्हणाली, “येत.”

“तुम्ही त्यांना काही दिलंत का?”

इथे तो दुभाषा थांबला. पोरगा शहाणा होता, त्याने आधी पुष्कळ मुलाखती पाहिल्या होत्या. तो आमच्या भाषेत हळूच म्हणाला, “मावशी, बंदुकीच्या धाकानं द्यावं लागलं, असंच ना? मी तसं सांगतो. तू नुसती मान हलव.”

एवढी मान हलवायची होती, मित्रांनो. एवढीच. पलीकडे नातू होता.

पण पाहुण्याला घातलेला भात नाइलाजाने घातला असे म्हणणे म्हणजे त्याच्या ताटात थुंकणे, आणि स्वतःच्या पातेल्यातही. त्या पोरांपैकी कितीतरी जण मेले होते. मेलेल्यांच्या पोटातला भात ती परत कसा काढून घेणार? तिने दुभाष्याच्या हातावर हात ठेवला. “थांब बाळा,” ती म्हणाली. “हे मला येतं.” आणि साहेबाकडे वळून, थ्राने शिकवले तसे, एकेक शब्द वेगळा ठेवत ती म्हणाली, “आय गिव्ह राइस.”

साहेबाचे पेन थांबले. “तुम्हाला भीती वाटत होती का? त्यांनी धमकी दिली का?” त्याने हे सावकाश विचारले, दोनदा विचारले. मला वाटते, तो तिला दार उघडून देत होता.

“नो,” ती म्हणाली. “नॉट अफ्रेड. दे आर हंग्री. आय कुक गुड.”

वर्गाच्या दारात थ्रा उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले.

आणि मग काय झाले? आता नीट ऐका. मग साहेब खुर्चीतून उठला. त्याने बूट काढले, बंदूक काढून ठेवावी तसे शिडीखाली नेऊन ठेवले, आणि खाली मांडी घालून बसला. म्हणाला, “आई, मीही सकाळपासून जेवलो नाही.” लेर पॉच्या आईने घरून पातेले आणले. साहेब जेवला, त्याने भोपळा दोनदा मागून घेतला, आणि तोंड पुसत म्हणाला, आमच्या देशात भात घालणारी माणसं फार कमी झालीत, तुला न्यावंच लागेल. छावणीतल्या फुटबॉलच्या मैदानात विमान उतरले. ती चढली. न्येनकाकांनी पाय काढून हलवला आणि पायच ओरडला, ‘गुड बाय!’ बर्फाच्या देशात विमानतळावरच्या सगळ्या पाट्या तिने मोठ्याने वाचल्या. दारात पिवळा कोट घातलेला नातू उभा होता. त्याने तिचे बोट धरले. आणि ते पाहून साहेबांनी आमचा अख्खा वर्गच बोलावून घेतला, थ्रासकट. म्हणून तर या वर्गात कुणी उरले नाही. म्हणून मी असा पडून आहे, माझ्यावर कुणी लिहीत नाही. माझी तक्रार नाही. एवढेच सांगणे आहे, की मित्रांनो, जुन्या फळ्याला पाय लावू नका. कधीतरी ओल्या फडक्याने पुसा. त्याच्यावर एखादे नाव लिहा, कुणाचेही, कारण ज्याला…

“खोटं!”

शिडीवरून आवाज आला. लेर पॉची आई मिरच्यांची टोपली कडेवर घेऊन उभी होती. तुम्ही सगळे तिच्याकडे वळलात. तिने टोपली माझ्यावर उपडी केली आणि मिरच्या हाताने पसरत, माझ्याकडे न बघता, ती तुम्हाला म्हणाली, “पोरांनो, याचं काही ऐकू नका. कुणी बूट काढले नाहीत, कुणी जेवलं नाही. वर्गही कुठं उडून गेला नाही. बोलली म्हणून अडकली, असं लोक म्हणाले, आणि यायचे बंद झाले. साहेबानं पेनाला टोपण लावलं. म्हणाला, हत्यारवाल्यांना जेवू घालणाऱ्याला आमच्या देशात जागा नाही. हे तो इंग्रजीत म्हणाला. दुभाष्यानं तोंड उघडायच्या आत मला कळलं होतं.”